विमान उतरल्यानंतरचा टप्पा: परदेशात पुढची ट्रेन किंवा बस कशी निवडायची, तिकीट कधी काढायचं

परदेशी जाताना विमानाचं तिकीट आपण आठवडेच्या आठवडे भाव बघत काढतो. विमानतळापासून मुक्कामाच्या गावापर्यंतचे दोनशे-तीनशे किलोमीटर मात्र शेवटपर्यंत तसेच राहतात. मग एक तर ‘तिकडे पोचल्यावर बघू’, नाहीतर निघायच्या आदल्या रात्री दिसलं ते सगळ्यात स्वस्त तिकीट काढून मोकळं व्हायचं. पैसे दोन्हीकडे जातात. पहिल्यात ऐनवेळच्या चढ्या भाड्यात, दुसऱ्यात विमान पाऊण तास उशिरा उतरलं आणि ठरलेली गाडी निघून गेली म्हणून.

हा टप्पा एरवीच्या रेल्वेप्रवासासारखा नसतो. स्टेशनवर किती वाजता पोचणार हे तुमच्या हातात नसतं. म्हणून भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा: ही गाडी चुकली तर काय? पुढची कधी आहे, आणि हेच तिकीट तिला चालेल का? याचं उत्तर मिळालं की ट्रेन की बस, आधी बुकिंग की तिथे जाऊन, हे बरंचसं आपोआप ठरतं.

पहिलं काम: विमानतळ आणि स्टेशन नेमकं ओळखणं

विमानाच्या तिकिटावर शहराचं नाव असलं म्हणून विमानतळ शहराजवळ असतोच असं नाही. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून शंभरावर किलोमीटर दूर आहे, पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून ऐंशीएक किलोमीटरवर. तेव्हा आधी विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा आणि तो नकाशावर शोधा.

मग स्टेशन कुठे आहे ते बघा. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल, झुरिक आणि ब्रसेल्स या विमानतळांच्या खालीच स्टेशन आहे. सामान घेऊन बाहेर आलं की सरकत्या जिन्याने थेट प्लॅटफॉर्मवर. कोपनहेगनचं स्टेशन टर्मिनल 3 ला लागून आहे, तिथून पुलावरून समुद्र ओलांडून गाडी थेट स्वीडनमधल्या माल्मोला जाते. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर टीजीव्हीचं, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाड्यांचं, स्टेशन टर्मिनल 2 मध्ये आहे. टर्मिनल 1 ला उतरलात तर आधी विमानतळाच्या आतल्या मोफत गाडीने तिकडे जावं लागतं. पण या स्टेशनवरून लिल, ल्यों, मार्से इथे जाणाऱ्या थेट गाड्या मिळतात, म्हणजे पॅरिस शहरात शिरायचं कारणच उरत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी लोक बॅगा ओढत शहरात जातात, एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर मेट्रोने धडपडतात आणि पुन्हा त्याच दिशेची गाडी पकडतात.

फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावर दोन वेगळी स्टेशनं आहेत: एक जवळपासच्या गाड्यांसाठी, एक लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते वाचून मगच चालायला लागा.

उलट डब्लिनच्या विमानतळाला रेल्वेच नाही. तिथून कॉर्क, बेलफास्ट, गॉलवे इथे जायला टर्मिनलच्या बाहेरूनच थेट बस सुटतात. अशा ठिकाणी ट्रेनचा हट्ट धरणं म्हणजे आधी बसने शहरात, मग ट्रेन, असा दुप्पट खटाटोप.

शहरात जाऊन गाडी बदलायचीच असेल, तर त्या शहरात मोठी स्टेशनं किती आहेत ते बघा. लंडनमध्ये मँचेस्टरची गाडी यूस्टनहून सुटते, एडिंबरोची किंग्ज क्रॉसहून, ब्रिस्टल आणि कार्डिफची पॅडिंग्टनहून. माद्रिदला अतोचा आणि चामार्तिन ही दोन मोठी स्टेशनं आहेत. नावंही नीट वाचायला हवीत. फ्रँकफर्ट नावाची जर्मनीत दोन शहरं आहेत, एक माइन नदीवरचं आणि दुसरं पोलंडच्या सीमेला चिकटलेलं, ओडर नदीवरचं. स्थानिक नावं वेगळी असतात ते निराळंच: कलोनचं क्योल्न, फ्लॉरेन्सचं फिरेन्झे, व्हिएन्नाचं वीन.

वेळेचा हिशेब

विमानाच्या तिकिटावरची वेळ ही चाकं टेकायची किंवा फार तर गेटला लागायची वेळ. तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभे असण्याची नाही. समजा दुपारी 14:00 ला उतरायचं आहे. दार उघडून बाहेर पडेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं, इमिग्रेशनपर्यंत चालायला दहा. रांग अर्ध्या तासात सरकेल किंवा दीड तास खाईल. सामानाला वीस-तीस मिनिटं, शौचालय, पाणी, सिम कार्ड यांत पंधरा, स्टेशन गाठायला आणखी पंधरा. सगळं सुरळीत झालं तर पावणेचार-चार, रांग लांबली तर पाच. आणि हे विमान वेळेवर उतरलं असं धरून.

रांग कुठे लागणार हेही महत्त्वाचं. शेंगेन देशांत (युरोपातल्या ज्या देशांत एकातून दुसऱ्यात जाताना पुन्हा पासपोर्ट तपासत नाहीत) विमान बदलून जात असाल, तर पासपोर्ट पहिल्या विमानतळावर तपासतात. म्युनिकला विमान बदलून कोपनहेगनला उतरलात तर तिथे फक्त सामानाची वाट बघायची. अमेरिकेतही इमिग्रेशन पहिल्या विमानतळावर होतं. म्हणजे अशा प्रवासात शेवटच्या ठिकाणी लवकर सुटका होते, पण पहिल्याच ठिकाणी पुढचं विमान चुकायची भीती वाढते. शिवाय ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन देशांनी बाहेरच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. पहिल्या नोंदणीला वेळ जास्त लागतो, तोही हिशेबात धरा.

माझा स्वतःचा ठोकताळा असा. गाडीला बांधलेलं, म्हणजे ठरलेल्या एकाच गाडीला चालणारं तिकीट असेल, तर उतरण्याच्या वेळेनंतर किमान तीन तासांनी सुटणारी गाडी घ्यायची. मध्ये विमान बदलायचं असेल तर चार तास. कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट असेल तर असलं अंतर ठेवायची गरजच नाही, मिळेल त्या गाडीत बसायचं. आणि ज्या गाडीनंतर त्या दिवशी दुसरी गाडी नाही, तिच्यावर विसंबायचं नाही. रात्री नऊनंतर उतरत असाल तर बहुतेक वेळा विमानतळाजवळ झोपून सकाळची गाडी घेणं शहाणपणाचं. मध्यरात्रीची बस पहाटे चार वाजता एखाद्या बंद स्टेशनासमोर सोडते, तेव्हा वाचलेल्या हॉटेलभाड्याचा फारसा आनंद होत नाही.

तारखेचं एक. विमान 11 तारखेच्या रात्री उशिरा म्हणजे 00:40 ला उतरत असेल, तर ती 12 तारीख झाली. गाडीही 12 चीच बघायची. साधी गोष्ट, पण चुकते.

ट्रेन की बस

ट्रेन नेहमी चांगली आणि बस नेहमी स्वस्त, असं काही नसतं. थेट काय जातं, हे आधी बघायचं. दोन मोठ्या बॅगा, लहान मूल आणि रात्रभराचं जागरण, अशा अवस्थेत गाडी बदलणं फार जड जातं. अर्धा-पाऊण तास जास्त लागणारी पण टर्मिनलहून थेट जाणारी बस मी अशा वेळी बिनदिक्कत घेईन.

उदाहरण हीथ्रोहून ब्रिस्टलचं घेऊ, कारण तिथे तीन रस्ते आहेत. पहिला: एलिझाबेथ लाइन किंवा हीथ्रो एक्स्प्रेस या ट्रेनने पॅडिंग्टनला जायचं आणि तिथून ब्रिस्टलची ट्रेन, साधारण पावणेदोन तासांची. यात तुम्ही आधी पूर्वेला शहरात जाता आणि मग पुन्हा पश्चिमेला येता. दुसरा: विमानतळावरून रेलएअर नावाची बस थेट रेडिंग स्टेशनला जाते, तिथून ब्रिस्टलची ट्रेन. वळसा वाचतो, बस आणि ट्रेन मिळून एकच तिकीट काढता येतं. तिसरा: टर्मिनल 2 आणि 3 च्या मधल्या सेंट्रल बस स्टेशनवरून नॅशनल एक्स्प्रेसची थेट बस. सामान एकदा बसच्या पोटात टाकलं की उतरेपर्यंत बघायला नको. एकटा माणूस, एक बॅग, भर दुपार असेल तर मी रेडिंगवरून जाईन. चौघांचं कुटुंब असेल तर थेट बस. शुक्रवारी संध्याकाळी मात्र हायवे तुंबतो, तेव्हा हेच उत्तर उलटं होऊ शकतं.

बसचा धोका रहदारीचा, तर ट्रेनचा धोका दुरुस्तीच्या कामांचा. ब्रिटनमध्ये ही कामं बरीचशी शनिवार-रविवारी आणि सणांच्या सुट्ट्यांत काढतात. मग ट्रेनच्या तिकिटावर तुम्हाला बसमध्येच बसवतात. 25 डिसेंबरला तिथे ट्रेन जवळजवळ नसतातच, लांब पल्ल्याच्या काही बस मात्र धावतात. युरोपात रेल्वेचं वेळापत्रक डिसेंबरच्या मध्याला बदलतं, त्यामुळे त्याच्या पुढच्या तारखांच्या गाड्या खूप आधी शोधल्या तर दिसत नाहीत. गाडी बंद झाली असं समजून घाबरू नका.

बसचं तिकीट घेताना थांबा नेमका कुठे आहे ते वाचा. लंडनचं व्हिक्टोरिया कोच स्टेशन हे व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशन नव्हे; दोन्हींत काही मिनिटांचं चालणं आहे, आणि सामानासह ती मिनिटं वाढतात.

तिकिटाचे प्रकार: इथे घाई करू नका

पडद्यावर एकाच प्रवासाचे तीन-चार भाव दिसतात आणि डोळा आपोआप सगळ्यात खालच्या आकड्यावर जातो. तो आकडा बहुतेक वेळा ‘हीच गाडी, दुसरी नाही’ या अटीचा असतो.

ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं. ‘ऑफ-पीक’ हे गर्दीची वेळ सोडून कुठल्याही गाडीला, आणि ‘एनीटाइम’ नावाप्रमाणे कधीही. जर्मनीत ‘श्पारप्राइस’ स्वस्त पण गाडीला बांधलेलं, ‘फ्लेक्सप्राइस’ महाग पण मोकळं. विमान उशिरा आल्यामुळे बांधलेली गाडी चुकली, तर रेल्वे कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. नवं तिकीट काढावं लागतं, तेही त्या दिवसाच्या भावाने. म्हणून तीन भाव शेजारी मांडा: स्वस्त बांधलेलं, मोकळं, आणि स्वस्त वाया जाऊन ऐनवेळी काढावं लागलं तर होणारी बेरीज. पहिल्या दोनांत थोडाच फरक असेल तर मोकळंच घ्यावं. मोकळं दुप्पट-तिप्पट महाग असेल, तर तीन-चार तासांचं अंतर ठेवून बांधलेलं.

काही देशांत हा प्रश्नच येत नाही. नेदरलँड्समध्ये देशांतर्गत गाड्यांना आसन-आरक्षण नसतं, आणि आधी काढलं म्हणून साधं भाडं कमी होत नाही; बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड फाटकावर टेकवायचं आणि जायचं. उतरताना पुन्हा टेकवायला विसरू नका, आणि माणशी एक स्वतंत्र कार्ड लागतं हेही लक्षात असू द्या. हीथ्रोहून लंडन शहरात येतानाही हाच नियम. स्वित्झर्लंडमध्येही बहुतेक गाड्यांना आरक्षण लागत नाही आणि गाड्या ठरावीक अंतराने सुटतच असतात. तिथे आधीच बांधलेलं तिकीट घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, सवलत घसघशीत असली तरच.

उलट फ्रान्सच्या टीजीव्ही, स्पेनच्या आणि इटलीच्या वेगवान गाड्या यांत आरक्षणाशिवाय बसताच येत नाही. तिथे शुक्रवार संध्याकाळ किंवा सुट्टीचा आठवडा असेल तर तिकीट आधी काढलेलंच बरं. रेल्वे पास असला तरी या गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे. पासचं बोलायचं तर, फक्त या एका टप्प्यासाठी तो घेऊ नये. जपानच्या रेल पासची किंमत ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून 50,000 येन झाली, सात दिवसांच्या साध्या वर्गाची. आता खूप फिरणं असेल तरच तो परवडतो.

बुकिंग कधी उघडतं हे देशागणिक वेगळं. जपानमध्ये रेल्वेच्या खिडकीवर साधारण महिनाभर आधी, चीनमध्ये पंधरा दिवस आधी, ब्रिटनमध्ये अ‍ॅडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी.

विमान आणि ट्रेन एकाच तिकिटावर

हा पर्याय लोक तपासतच नाहीत. काही विमान कंपन्या ट्रेनचा टप्पा विमानाच्याच बुकिंगमध्ये जोडून देतात. फ्रँकफर्टहून लुफ्तान्साचं, पॅरिसहून एअर फ्रान्सचं, झुरिकहून स्विसचं असं तिकीट मिळतं आणि ट्रेनला चक्क विमानासारखा क्रमांक असतो. विमान उशिरा आलं तर पुढच्या ट्रेनमध्ये बसवण्याची जबाबदारी त्यांची. तेव्हा विमानाचं तिकीट शोधतानाच ‘कुठे’ या चौकटीत विमानतळाऐवजी शेवटच्या शहराचं नाव घालून बघा.

याची एक मेख परतीच्या वेळी आहे. परतीचा पहिला टप्पा ट्रेनचा असेल आणि तुम्ही मित्राच्या गाडीने थेट विमानतळावर गेलात, तर पहिला टप्पा वापरला नाही म्हणून पुढचं विमानच रद्द होऊ शकतं.

प्रत्यक्ष बुकिंग

आधी त्या देशाच्या रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर गाड्या बघा. मधल्या विक्रेत्यांची अ‍ॅप वापरायला सोपी असतात, पण काही जण वर शुल्क लावतात, आणि पैसे परत मागायची वेळ आली की रेल्वे विक्रेत्याकडे बोट दाखवते. ब्रिटनमध्ये कुठल्याही एका रेल्वे कंपनीच्या साइटवर दुसऱ्या कंपन्यांची तिकिटंही मिळतात. इटलीत मात्र ट्रेनइतालिया आणि इतालो या दोन कंपन्यांच्या वेगवान गाड्या स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

सुटण्याचं ठिकाण म्हणून विमानतळाचं स्टेशन घाला, शहराचं नाही. मग आलेल्या यादीत ‘बदल’ हा स्तंभ बघा आणि गाडी बदलायला किती मिनिटं दिली आहेत ते उघडून वाचा. यंत्राला सात मिनिटं पुरेशी वाटतात. तुमच्याबरोबर तीन बॅगा आहेत हे त्याला ठाऊक नसतं. बऱ्याच साइटवर हा किमान वेळ वाढवून शोधता येतं. वीस-पंचवीस मिनिटं घाला.

गाडी बदलायची असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं कधी कधी स्वस्त पडतात, पण युरोपात पहिली गाडी लेट झाली म्हणून दुसरी चुकली, तर संपूर्ण प्रवासाचं एकच तिकीट असलेल्याची बाजू भक्कम असते.

नाव पासपोर्टवर आहे तसंच. चीनमध्ये तर पासपोर्टचा क्रमांक तिकिटाला जोडलेला असतो आणि फाटकावर तोच तपासतात. सीमा ओलांडणाऱ्या बसमध्येही पासपोर्ट हाताशी हवा, पोटातल्या बॅगेत नको.

मुलांच्या वयाची मर्यादा प्रत्येक देशाची वेगळी. ब्रिटनच्या ट्रेनमध्ये पाच वर्षांखालची मुलं फुकट, पाच ते पंधरा वयाला अर्धं तिकीट. फुकटच्या मुलाला आसन मिळतंच असं नाही, म्हणून लांबच्या प्रवासात जर्मनीसारख्या देशात आसन-आरक्षण वेगळं घ्यावं. तिथे दुसऱ्या वर्गाच्या साध्या तिकिटात ते धरलेलं नसतं.

पैसे भरताना दोन अडचणी येतात: कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतो, आणि ओटीपी घरच्या नंबरवर येतो. दोन्ही निघण्याआधी सोडवा. तिकिटाचा पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, नुसती ईमेलमधली लिंक ठेवू नका.

सामानाचे नियम

युरोपातल्या बहुतेक ट्रेनमध्ये सामान वजन करून घेत नाहीत, पण उचलायचं तुम्हालाच असतं. जपानच्या तोकाइदो, सान्यो आणि क्युशू मार्गांवरच्या शिंकान्सेन या वेगवान गाड्यांमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर त्यासाठीचं खास आसन आधी आरक्षित करावं लागतं. जादा भाडं नाही, पण न सांगता नेली तर 1,000 येन भरावे लागतात. बसमध्ये मोठ्या बॅगांची संख्या ठरलेली असते. दुसरी बॅग असेल तर तिचे पैसे बुकिंगच्या वेळीच भरा.

स्पेनच्या वेगवान गाड्यांना आणि चीनमधल्या स्टेशनांवर सामान स्कॅन होतं आणि फाटक गाडी सुटायच्या थोडं आधी बंद होतं. तिथे धावत जाऊन डब्यात उडी मारता येत नाही.

उतरल्यावर

विमानातून उतरलात की रांगेत उभे असतानाच गाडीची स्थिती अ‍ॅपवर बघा. बांधलेल्या तिकिटाची वेळ जवळ आली असेल आणि नियमात बदल करता येत असेल, तर तो गाडी सुटायच्या आधी करायचा असतो. सुटल्यानंतर बहुतेक स्वस्त तिकिटांना काहीच किंमत राहत नाही.

इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर डब्यात चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. जर्मनीत वैध तिकिटाशिवाय सापडलात तर किमान 60 युरो दंड आहे, आणि ‘आत्ताच विमानातून उतरलोय’ हे कारण तिकीट तपासनिसाने रोज ऐकलेलं असतं.

डब्याचा क्रमांक बघूनच चढा. काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटतात आणि वेगवेगळ्या शहरांना जातात. जपानमध्ये मोरिओकाला, जर्मनीत हामला असं होतं. फलकावर दोन शेवटची ठिकाणं दिसली की आपला भाग कुठला ते विचारून घ्या.

ट्रेनच उशिरा आली, तर मात्र बाजू तुमची. जर्मनीत मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल, तर बांधलेलं तिकीटही मोकळं होतं आणि दुसरी गाडी पकडता येते. युरोपीय संघाच्या नियमाने एक तास किंवा जास्त उशिराला भाड्याच्या किमान 25 टक्के आणि दोन तासांपासून पुढे 50 टक्के भरपाई मागता येते, काही अपवाद वगळून. ब्रिटनमध्ये ‘डिले रिपे’ नावाची योजना आहे आणि बऱ्याच कंपन्या पंधरा मिनिटांच्या उशिरापासूनच पैसे देतात. त्यासाठी तिकीट जपून ठेवा, फलकाचा फोटो काढा आणि अर्ज मुक्कामी पोचल्यावर ऑनलाइन भरा. ब्रिटनमध्ये त्याला साधारण 28 दिवसांची मुदत असते.